निळ्या चिंधीचं टंबाटं

चुलीमागची भिंत पिस्ता रंगाची झाली होती.

चंपा पाच दिवस औंढ्याला माहेरी राहून आली, पिशवी हातातच होती, आणि ती उंबऱ्यावर उभी राहून भिंतीकडं बघत राहिली. आत निवृत्ती, तिचा नवरा, कमरेवर हात ठेवून उभा. त्याच्या नाकाच्या शेंड्यालाही पिस्ता लागलेला.

"कशी झाली?" तो म्हणाला. "सिमेंटचा गिलावा, वरनं आईलपेंट. फडकं फिरवलं का साफ. चैतालीला बगायला पाव्हनं येनार, त्यास्नी काय काळ्या भितीम्होरं बसवायचं व्हय?"

"बियं कुटंय?"

"कसलं बियं?"

चंपानं पिशवी ठेवली नाही. टाकली.

ती भिंत मातीची होती. चुलीच्या धुरानं काळी झालेली, पण कुरवंड्याच्या चार महिन्यांच्या पावसात गावातली एवढीच कोरडी जागा. चंपाची सासू धोंडाबाई दरसाल टंबाट्याचं बी राखेत कालवायची आणि त्या भिंतीवर बोटांनी थापायची. रुपयाएवढ्या चकत्या, ओळीनं. पाऊस सरला की नखानं खरवडायच्या आणि पेरायच्या. चाळीस वर्षं हेच चाललेलं. सासूसुनेचं एकमेकींशी कधी पटलं नाही. मिठावरनं भांडल्या, सरपणावरनं भांडल्या, एकदा तर कोंबडी कुणाकडं बघून आरडली यावरनं भांडल्या. पण टंबाट्यावरनं शब्द नाही. कारण ते टंबाटंच तसं होतं. एक धरायला दोन हात लागायचे. अंगावर भोपळ्यासारख्या खाचा, आत नुसता गर, बी नावाला. पान कातर नसलेलं, थेट बटाट्याच्या पानासारखं. साल इतकी पातळ की लोणावळ्याच्या बाजारात पोचेपर्यंत फुटायचं, म्हणून ते कधी बाजारात गेलंच नाही. घरातच पिकलं, घरातच खाल्लं.

मरायच्या आधी म्हातारी म्हणाली होती, "मपल्यापाशी सोनं न्हाई. बियं हाय. त्येवडं मोडू दिऊ नको." त्यावर लगेच, "तुज्याच्यानं हुतंय का बग," असंही म्हणाली होती. म्हणजे शेवटपर्यंत शुद्धीत होती.

"गिलाव्याआदी भित खरवडली का मिस्त्रीनं?" चंपानं विचारलं.

"न्हाई. टोचं मारलं नुसतं. तसंच थापलं वर. पकड चांगली बसती म्हनला."

"लय चांगली बसली," चंपा म्हणाली आणि पुढं आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

*

भिंतीवरच्या फळीमागं मिस्त्रीची थापी पोचली नव्हती. तिथं एक चकती शिल्लक सापडली. तीत अकरा बिया. अकरातनं चार उगवल्या. चारातलं एक रोप शेजारच्या भिमाजी आबांच्या कोंबडीनं उकरलं. एक डिसेंबरात अवकाळी पाऊस पडला तेव्हा करपलं. एक माकडांनी उपटलं, खाल्लं नाही, नुसतं उपटून कौलावर नेऊन ठेवलं. राहिलं एक, मोरीच्या पाण्यावर, परसात.

त्याला सहा फळं धरली. चंपानं पाच हिरवीच खुडली, ठेचा केला आणि सगळा जोर सहाव्याला दिला. माकडं येतात म्हणून परसात काठी घेऊन बसू लागली. तांदूळ निवडायचे तर परसात. लेक चैतालीचा फोन आला तर परसात. फळ तांब्याएवढं झालं तेव्हा तिनं ट्रंकेतनं सासूचं निळं सुती लुगडं काढलं, काठाशी बोटभर चिंधी फाडली आणि फळाच्या देठाला बांधली.

चिंधी बांधलेलं फळ बियाचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. ते झाडावरच पिकून मऊ पडायचं, मग त्याचं बी धरायचं. धोंडाबाईचा नियम होता की चिंधीच्या फळाला हात लावणाऱ्याला त्या दिवशी जेवण नाही. निवृत्तीनं लहानपणी असे तीन दिवस काढलेले होते, त्यामुळं त्याला नियम पाठ असायला हवा होता.

*

निवृत्ती अकरा वर्षं 'मृद्गंध' बंगल्यावर माळी होता. बंगला पुण्याच्या श्रीपाद सरांचा आणि इंदिरा मॅडमचा. ती दोघं शुक्रवारी संध्याकाळी यायची, सोमवारी सकाळी जायची. मधल्या दिवसांत मॅडम फोनवर व्हिडिओ लावून झाडांशी बोलायच्या. निवृत्ती फोन धरून झाडापुढं उभा राहायचा.

त्या वर्षी मॅडमनी इटलीहून टोमॅटोचं बी मागवलं होतं. पिढ्यान् पिढ्या जपलेली वाणं, असं पाकिटावर होतं. प्रत्येक रोपाशेजारी नावाची पाटी ठोकली, पाटीला प्लास्टिक. मग मॅडमनी कुठंतरी वाचलं की मुळाशी माशाची डोकी पुरली की फळ मोठं होतं. घर शाकाहारी. अंडंसुद्धा बाहेर. पण "झाडांना चालतं" असं ठरलं आणि निवृत्तीनं लोणावळ्यातनं पिशवीभर डोकी आणून एकेका रोपाखाली एकेक पुरलं. त्या आठवड्यात कुरवंड्यातली सगळी कुत्री आणि डोंगरातनं उतरलेलं एक रानडुक्कर अशी मंडळी बंगल्यावर पंगतीला आली. सकाळी बागेत पाट्या तेवढ्या सरळ उभ्या होत्या.

एक रोप वाचलं. त्याला पानं भरपूर, फळ एकही नाही.

आणि रविवारी 'मातीचे मित्र' येणार होते. हा मॅडमचा ग्रुप. पुण्यातनं आणि तळेगावातनं चौदा जण, सगळे गच्चीत नाहीतर अंगणात भाजी लावणारे. मॅडम त्यांना तीन महिने फोटो पाठवत होत्या. कुणाचे, ते त्यांनाच माहीत.

"निवृत्ती," शनिवारी मॅडम म्हणाल्या, "तुमच्या परसात एक मोठा टोमॅटो आहे ना? परवा तुम्हीच सांगत होता."

"हाय, पन ती चंपाचं..."

"फक्त दोन तास. दाखवायचा आणि परत. मी काय खाणार आहे का तो?" मग जरा थांबून, "नाहीतर मला या बागेचं एकदा बघावंच लागेल. तो कान्ह्याचा मुलगा कधीचा विचारतोय कामाचं."

निवृत्ती रात्रभर विचार करत नव्हता, तो झोपला. विचार सकाळी केला. चंपा सातलाच बंगल्यावर गेली होती, पाहुण्यांसाठी चुलीवरच्या भाकरी थापायला. याला वाटलं, फळ देठासकट कापायचं, मॅडमच्या झाडाला दोऱ्यानं बांधायचं, दुपारी सोडून आणायचं आणि परत आपल्या झाडाला दोऱ्यानं बांधायचं. पिकायचंच आहे ते. तिथं पिकलं काय आन् हितं पिकलं काय. अकरा वर्षांत त्याला माळीकाम जे समजलं होतं, ते एवढंच.

त्यानं फळ टॉवेलात गुंडाळून डब्याच्या पिशवीतनं नेलं. चिंधी सोडायला विसरला.

*

बंगल्यावरची चूल मॅडमनी मुद्दाम बांधून घेतली होती. फोटोत छान दिसायची, पण धूर ओढत नव्हती. चंपा तिच्यापुढं डोळे पुसत बसली होती. चाळीस भाकऱ्या सांगितल्या होत्या. गुडघे दुखत होते, आणि एक मुलगी येऊन तिच्या हाताचा व्हिडिओ काढून, "मावशी, परत एकदा थापा ना," असं तीनदा म्हणून गेली होती.

खाली बागेत चौदा जण एका झाडाभोवती गोळा झाले होते.

"इंदिरा!" ऋचा म्हणाली. ही त्यांच्यातली जाणकार, पुण्यात यावर वर्ग घ्यायची. "हे कुठलं वाण?"

"इटालियन. म्हणजे मूळचं."

"आणि ही निळी पट्टी कशासाठी?"

मॅडमनी निवृत्तीकडं बघितलं. निवृत्तीनं आभाळाकडं बघितलं.

"ती ना," मॅडम म्हणाल्या, "चंद्राच्या कलेप्रमाणे बांधतात. रस फळाकडं ओढला जातो."

तेरा फोन बाहेर आले. एक आजोबा वहीत लिहून घेत होते. "कुठल्या तिथीला बांधायची?"

"अष्टमीला."

"शुद्ध की वद्य?"

"शुद्ध," मॅडम ठामपणे म्हणाल्या.

ऋचानं वजन बघायला फळाखाली तळवा धरला आणि अलगद उचललं. दोरा सुटला. फळ तिच्या हातात आलं. ऋचा ओरडली, "नुसता हात लावला आणि सुटलं! म्हणजे अगदी नेमक्या क्षणी तयार झालंय!"

टाळ्या पडल्या.

टाळ्यांनी चंपानं मान वर केली. धुरातनं तिला पहिल्यांदा दिसली ती निळी चिंधी.

तव्यावरची भाकरी तिनं तशीच सोडली. पिठाच्या हातानं ती पायऱ्या उतरून खाली आली, तोवर श्रीपाद सरांनी जपानहून आणलेली सुरी बाहेर काढली होती. सर रिटायर झाल्यापासून त्या सुरीला काही कापायला मिळेल का, हेच बघत असायचे.

"म्याडम, ते मपलं हाय," चंपा म्हणाली.

मॅडम हसल्या. "आमच्या चंपाचा फार जीव आहे बागेवर. सगळं आपलंच समजते."

"किती गोड!" कुणीतरी म्हणालं.

"गोड न्हाई. मपलं हाय ते. बियाचं हाय. सायेब, कापू नका!"

"अगं, पण बिया कुठं आहेत याच्यात?" सरांनी सुरी फिरवलीसुद्धा. "हे बघ. सगळा गर. अख्ख्या फळात शंभरसुद्धा नसतील. हीच तर खासियत आहे."

चंपानं नवऱ्याकडं बघितलं. निवृत्ती एका मेलेल्या रोपाची पाटी वाचत होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं.

फळाच्या चकत्या झाल्या. वर गुलाबी मीठ, वर तेल. चौदा जणांनी डोळे मिटून खाल्लं. ऋचा म्हणाली, मला माझं आजोळ आठवलं. आजोबांनी विचारलं, आजोळ कुठलं? ती म्हणाली, दादर. सरांनी पावाच्या तुकड्यानं ताटली पुसली आणि तो तुकडाही खाल्ला.

"चंपाला द्या, चंपाला द्या," मॅडम म्हणाल्या. "तिचाही हक्क आहे."

तिच्या पिठाळ तळहातावर देठाकडची चकती आली. पांढरी, कडक, वरची टोपी. चंपानं ती उलटीसुलटी करून बघितली. एकही बी नव्हती.

"खा ना," मॅडम म्हणाल्या. "लाजतेस काय?"

चिंधी ऋचानं पर्समध्ये टाकली. "एवढी आठवण मी नेते हं."

चंपा ताटल्यांकडं गेली. चाटूनपुसून लख्ख. कापायची फळी शोधत नळाशी गेली. निवृत्ती फळी उपडी घालत होता.

"धुतली?"

"म्याडम म्हनल्या..."

"ब्रशनं?"

ब्रश त्याच्या हातात होता.

*

घरी जाताना ती पुढं, तो मागं. वाटेत भिमाजी आबा दारात बसले होते. "जय भीम. काय गं, तोंड का असं?"

"आबा, ह्यास्नी इचारा."

आबांनी निवृत्तीला विचारलं. निवृत्तीनं सांगितलं. आबा इतके हसले की त्यांना खोकला लागला, आणि खोकल्यातनंच म्हणाले, "दोऱ्यानं बांदलं? आरं, मंग एखादं कलिंगड बांदायचं! इटलीचं म्हनून खपलं असतं!"

चंपानं त्या दिवशी चूल पेटवली नाही. नियम म्हणजे नियम. निवृत्ती पिस्ता भिंतीला पाठ लावून उपाशी बसला. दोन दिवसांनी माकडांनी उरलेलं झाडही उपटलं.

पुढं महिनाभर 'मातीचे मित्र' निळ्या पट्ट्या बांधत होते. मॅडमनी बंगल्यावरही बांधायला लावल्या, कढीपत्त्याला, जास्वंदीला, बोगनवेलीला. एकदा चंपाला विचारलं, "तुझ्याकडं जुनी निळी साडी आहे का गं?"

"हाय," चंपा म्हणाली. "नेसायला लागती."

*

होळीला बंगल्यावर चार गाड्या भरून पाहुणे आले आणि मागचं चेंबर तुंबलं. तसं ते जानेवारीच्या त्या रविवारपासूनच झिरपत होतं. मागच्या उतारावर ओल होती, पण तिकडं कुणी फिरकत नव्हतं. आता वास ओट्यावर आला, तेव्हा मॅडमना कळलं.

"निवृत्ती, जरा झाकण उघडून काठीनं ढवळून बघता का?"

निवृत्ती काठी शोधू लागला. चंपा ओट्यावर झाडू मारत होती. तिनं झाडू ठेवला.

"काठी ठिवा खाली."

"अगं, जरासंच..."

"ठिवा म्हनते ना. म्याडम, ह्यांच्या आज्ज्यानं गावची घान छप्पन साली टाकली, ती परत उचलायला न्हाई टाकली."

मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अगं चंपा, मी तसं कुठं म्हणतेय? आम्ही असलं काही मानतच नाही. मी सहज..."

"मंग सायबास्नी सांगा सहज."

श्रीपाद सर पेपर घेऊन आत गेले.

उपशाची गाडी बोलवावी लागली. ती आली, पण मॅडमनी फाटकावर बांधून घेतलेल्या नक्षीच्या कमानीत अडकली. मागं घेताना कमानीवरचा मोर गाडीबरोबर गेला. शेवटी पाइप लांबनं लावायचं ठरलं. तो कुठनं टाकायचा, ते दाखवायला चंपा गाडीवाल्याला घेऊन मागच्या उतारावर गेली, आणि थांबली.

ओलीच्या कडेनं, गवतात, दोन-दोन बोटं उंच रोपं होती. वीस-पंचवीस तरी. ती खाली वाकली. पदर नाकाला लावून एक पान दोन बोटांत धरलं. कातर नव्हतं. थेट बटाट्यासारखं.

चंपाच्या सगळं ध्यानात यायला जरा वेळ लागला. चौदा माणसं. सर धरून पंधरा. फळी धुतली, ताटली पुसली, पण त्याच्या पुढचं कुणी धुतलं नव्हतं.

ती तशीच बसून राहिली. गाडीवाला म्हणाला, "मावशी, चक्कर आली का?"

"न्हाई. थांब. हितनं पाइप टाकू नको. पल्याडनं टाक."

"का?"

"टाक म्हनते ना पल्याडनं!"

मग ती ओट्यावर गेली. आवाज एकदम मऊ. "म्याडम, चेंबरचं काम आमी करनार न्हाई. पन कडंचं रान माजलंय, ते म्या काढून नेते. निऊ का?"

"बघ, म्हणूनच मी म्हणते, चंपा मनानं चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "ने बाई. सगळं ने. मला त्यातलं काहीसुद्धा नकोय."

"सगळं?"

"सगळं!"

चंपानं खुरप्यानं एकेक रोप मातीच्या ढेकळासकट काढलं, घमेल्यात बसवलं आणि घमेलं डोक्यावर घेऊन मॅडमच्या समोरून, फाटकातनं, मोर नसलेल्या कमानीखालनं बाहेर पडली. घरी रोपांची मुळं दोन पाण्यांनी धुतली. निवृत्ती लांबनं बघत होता.

"चंपे, आगं पन ती... त्यातनं आल्याली..."

"बियाला कसला इटाळ? तुमच्यापरीस लय स्वच्छ मार्गानं आलंय. दोऱ्यानं बांदून न्हाई आलं."

*

सतरा जगली. चंपानं त्यांना कारवीच्या काठ्या लावल्या. उन्हाळा त्या वर्षी आगीसारखा. गावचं पाणी एक दिवसाआड. ती निवृत्तीला रोज सकाळी बंगल्यावर जायच्या आधी विहिरीवरनं चार हंडे आणायला लावायची. खांद्याची सालं निघाली तरी चार म्हणजे चार. माकडांसाठी त्यालाच काठी देऊन बसवलं. एका दुपारी त्याला डुलकी लागली, माकडानं त्याचीच टोपी नेली आणि तिच्या मागं धावताना त्याचा पाय मोरीत गेला. घोटा सुजला. चंपानं हळद लावली. लावताना जरा दाबूनच लावली.

मे महिन्याच्या मध्यावर फळं तांब्याएवढी झाली. पाऊस यायच्या आत बी धरायला हवं होतं. चंपानं सगळ्यात मोठं निवडलं आणि लुगड्याची नवी चिंधी बांधली.

त्याच रविवारी दारात गाडी थांबली. इंदिरा मॅडम आणि ऋचा.

काम असं होतं की मॅडमनी ग्रुपमध्ये चौदा जणांना त्या निळ्या पट्टीच्या टोमॅटोचं बी द्यायचं कबूल केलं होतं. आणि बी तर सगळ्यांनी खाल्लं होतं.

"चंपा, तुझ्याकडं जुनं काही बी शिल्लक..." मॅडम बोलता बोलता परसात आल्या. सतरा झाडं. लाल, खाचांच्या फळांनी वाकलेली.

चंपानं पाहुणचार सोडला नाही. एक पिकलेलं फळ विळीवर चिरलं, मीठ टाकलं, ताटली पुढं केली. दोघींनी उभ्याउभ्याच खायला सुरुवात केली.

"इंदिरा," ऋचा तोंड पुसत म्हणाली, "हे तर तेच आहे. तुझंच वाण. पान बघ."

मॅडमचा चेहरा बदलला. "चंपा, हे माझ्या बागेतलं आहे?"

"व्हय."

"विचारायचं तरी होतंस गं! अकरा वर्षं तुम्ही आमच्याकडं आहात. मी नाही म्हटलं असतं का? न विचारता नेणं म्हणजे..."

"म्हंजी काय? बोला की."

"मी तसं म्हणत नाहीये."

"तुमी कदी तसं म्हनतच न्हाई," चंपा म्हणाली. आवाज चढला होता. भिमाजी आबा कुंपणाशी येऊन उभे राहिले. "इचारलं हुतं म्या. होळीला. चेंबरच्या कडंचं नेते म्हनलं. तुमी म्हनला, सगळं ने."

"चेंबर?"

"मपलं बियाचं फळ तुमी दोऱ्यानं बांदून तुमचं म्हनून दावलं. पंदरा जनांनी खाल्लं. मला देठ दिलं. बियं तुमच्या पाव्हन्यांनीच परत केलं. कुनी चोरलं न्हाई. एकेकानं सोताहून दिलं. बसून."

मॅडम ताटलीकडं बघत होत्या. मग चेंबर, होळी, उतार हे सगळं त्यांच्या डोक्यात एकामागं एक येऊन बसताना परसात सगळ्यांना दिसलं. त्या मोरीकडं धावल्या. आबांचा खोकला सुरू झाला.

ऋचा मात्र हलली नाही. ती विचारात पडली होती. हळूहळू तिचे डोळे मोठे झाले.

"म्हणजे ते उदमांजराच्या कॉफीसारखं!" ती म्हणाली. "इंदिरा, अगं परदेशात अशा कॉफीला काय मान आहे! पोटातनं जाऊन आलेलं बी! चंपाताई, याचं बी मला द्याच तुम्ही. मी यावर एक वर्गच घेईन!"

चंपाला एवढा राग आयुष्यात आला नव्हता. सासूशी भांडताना समोरून शिवी तरी यायची. हिला काहीही मारलं तरी ते हिच्या वर्गातच जात होतं.

"बियं मिळनार न्हाई," ती म्हणाली.

"नाही कसं? विकत द्या."

"इकत न्हाई, फुकट न्हाई, उसनं न्हाई. आन् ती चिंधी. ती मपल्या सासूच्या लुगड्याची हाय. आनून द्या."

"ती मी फ्रेम केलीय," ऋचा म्हणाली.

"मंग फ्रेम फोडा."

मॅडम तोंड धुऊन परत आल्या. पदर ओला, नजर खाली. निवृत्तीकडं बघून म्हणाल्या, "निवृत्ती, उद्यापासून तुम्ही..."

निवृत्ती सुजलेल्या पायावर उभा राहिला. काठी हातात होती, डोक्याला टोपी नव्हती. "उद्यापासनं म्या येनार न्हाई, म्याडम," तो घाईघाईनं म्हणाला, तिच्याआधी म्हणून टाकावं तसं. "कान्ह्याच्या पोराला बोलवा. तेला सांगा, डोकी खोल पुरायची."

चंपानं नवऱ्याकडं बघितलं. त्या दिवशी भाकरीबरोबर त्याला टंबाट्याचं कालवण दोनदा वाढलं.

*

चिंधीचं फळ आठवड्यानं मऊ पडलं. चंपानं ते वाटीत पिळलं, दोन दिवस आंबवलं, धुतलं, चुलीतली राख चाळून त्यात कालवलं. मग पहिली चकती पिस्ता भिंतीवर थापली. चकती घसरत खाली आली आणि चुलीत पडली. फडकं फिरवलं की साफ होणारी भिंत होती ती.

चंपानं माळ्यावरची छिन्नी-हातोडी काढली आणि निवृत्तीच्या मांडीवर ठेवली.

"आगं, सा म्हैने पन न्हाई झालं पुरते..."

"आट झालं. फोडा."

तो फोडू लागला. पकड खरंच चांगली बसली होती. एकेक ढलपा निघायला दहा-दहा घाव. त्याच्या केसांत पिस्ता रंगाचा भुगा बसला. दुपारपर्यंत हातभर चौकोन मोकळा झाला. आत जुनी काळी माती, मिस्त्रीच्या टोच्यांनी खाचा पडलेली. आणि मातीवर राखेच्या चकत्या, ओळीनं, तशाच. बी सिमेंटानं जळून गेलेलं. पण प्रत्येक चकतीवर चार बोटं उमटलेली होती. करंगळी जरा वाकडी. म्हातारीची ती वाकडीच होती.

निवृत्तीनं हातोडी खाली ठेवली. "आई..." म्हणाला आणि वाकड्या करंगळीच्या खुणेवरचा भुगा फुंकला.

चंपानं राखेचा गोळा घेतला. सासूच्या ओळीला लागून, पण जराशी वर, पहिली चकती थापली. चार बोटं दाबली. दुसरी थापली. तिसरी.

"बग, म्हातारे," ती भिंतीला म्हणाली. "हुतंय का न्हाई?"

मग मागं न बघता नवऱ्याला म्हणाली, "आन् तुमी. ह्या भितीला परत बुरूस लावला, तर बियाशेजारी तुमालाच थापीन."